काकांची चढाई

नवागाम, सुरत
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय बलजीत,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील आणि न फोडता बाजूला टाकलं असशील. टाक, पण फेकून देऊ नकोस गं बाई. जूनपासून तुला फोन लावतेय. रिंग वाजते, तू उचलत नाहीस. ऑगस्टपर्यंत मला काळजी वाटत होती. सप्टेंबरात मात्र राग आला. म्हटलं, एवढा कसला ताठा आलाय हिला, मी काय हिचं घोडं मारलंय? परवाच्या रविवारी कळलं की चूक माझी आहे, आणि कसली चूक, कप्पाळ माझं! तेच लिहायला बसलेय, पण हात लगेच तिकडे वळत नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं लिहू दे. पन्नास वर्षांच्या मैत्रिणीला एवढी सवलत दे.

इकडे सगळं बरं आहे. हे गेल्यापासून घरात माझाच आवाज मोठा. सून बिचारी ऐकून घेते. नातू सहा वर्षांचा झाला, पण मराठी म्हणशील तर नावाला. मघाशी टेबलाशी येऊन विचारतो, ‘बा, हवे पत्र कोण लखे छे?’ हल्ली पत्र कोण लिहितं, म्हणे. म्हटलं, तुझी बा लिहिते, चल पळ. आपली शाळा अजून आहे, पण मराठीच्या वर्गात बावीस पोरं उरलीत. आपल्या वेळी एका बाकावर चौघी बसायचो आणि तुझी वेणी माझ्या वहीवर लोळायची. उधन्याची आपली चाळ पाडली, ठाऊक आहे ना? तिथे आता साड्यांचं गोदाम आहे. तुमच्या खोलीच्या जागेवर टेंपो उभे राहतात.

त्या खोलीपुढचा ओटा मात्र मला अजून दिसतो. संध्याकाळी छपाईच्या मिलमधून तुझे बाबा यायचे, आम्हा सगळ्या चाळीचे जगतसिंगकाका. हातांना कोपरापर्यंत रंग लागलेला, कधी निळा, कधी राणी. पगडी मात्र पांढरीशुभ्र. ओट्यावर बसले की कागदाचा पुडा उघडायचे आणि हाक मारायचे, या गं पोरींनो, बदाम खायला! आणि पुड्यात निघायचे भाजलेले चणे. पहिल्यांदा मी रुसले होते, आठवतं? मग त्यांनी सांगितलं की त्यांच्यात चण्याला बदामच म्हणतात. कांद्याला रुप्पा, म्हणजे चांदी, म्हणायचे. घरात पीठ संपलं की तुझी आत्या दारातून ओरडायची, लंगर मस्त आहे! मला वाटायचं, आज काहीतरी झकास केलंय.

असं का बोलता, म्हणून मीच विचारलं होतं. तू विचारलं नसतंस, तुला ते जन्मापासून कानावर होतं. काकांनी मग सगळं पहिल्यापासून सांगितलं, आठ-दहा संध्याकाळ लावून. आधी एकटे नानकदेव आणि रबाब वाजवणारा मर्दाना, दोघंच पायी निघालेले. मग माणसं जमत गेली, गाव वसलं, लंगर सुरू झाला. मग दहाव्या गुरूंनी आनंदपूरला भर सभेत तलवार उपसून डोकं मागितलं आणि पाच जण उठले. इथं काका थांबायचे, आम्ही विचारावं म्हणून. कोण कोण उठलं? तर एक लाहोरचा, एक हस्तिनापूरचा, एक जगन्नाथपुरीचा, आणि मग छाती पुढे काढून, एक आपल्या गुजरातचा, द्वारकेचा, कापडावर छपाई करणारा, माझ्याच धंद्यातला! आणि पाचवा बिदरचा न्हावी, आमच्या नांदेडच्या शेजारचा. पाचात दोन आपले, असं म्हणून निळ्या हाताने माझ्या टाळूवर टपली मारायचे. माझी आई तो रंग रॉकेलने पुसायची आणि काकांना शिव्या घालायची.

त्यानंतर वाईट दिवस आले, हेही त्यांनीच सांगितलं. शिखाचं डोकं आणून देणाऱ्याला इनाम. जे उरले ते जंगलात, घोड्याच्या पाठीवर. खायला चणे, तर त्यांना बदाम म्हणायचं. आणि माणसं इतकी थोडी की एकटादुकटा सिंग आला तरी सांगायचं, सवा लाख आले! पुढे त्यांचंच लाहोरला राज्य झालं, आणि त्या राज्याने निजामाच्या मदतीला धाडलेल्या पलटणीत तुमचा खापरपणजोबा नांदेडला आला तो तिथलाच झाला. म्हणून काकांची मराठी माझ्या बापापेक्षा चोख होती आणि पंजाबी मोडकी. गुरुद्वाऱ्यात पंजाबातले व्यापारी त्यांना हसायचे, म्हणायचे, हे मराठी सरदार. काका मला म्हणायचे, मोजायला बसलं की आम्ही देशात शंभरात दोनसुद्धा भरत नाही, आणि त्यातही मी वेगळा. हसून म्हणायचे, पण त्यांना ते लागायचं.

चौऱ्याऐंशीचा नोव्हेंबर तर तुला सांगायलाच नको. आपल्या चाळीत काही झालं नाही, पण भीतीनेच माणसं अर्धी झाली. माझ्या वडिलांनी तुम्हा चौघांना आठ दिवस आमच्या खोलीत ठेवलं. तू आणि मी एका गोधडीत. त्याच आठवड्यात तुझा भाऊ गुरचरण न सांगता गेला आणि केस कापून आला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ताटावरून उठले. त्याला रागावले नाहीत, मारलं नाही. फक्त महिनाभर ओट्यावर बसले नाहीत आणि आम्हाला बदाम मिळाले नाहीत.

त्यानंतर चाळ रिकामी होऊ लागली. मला नेमका आकडा ठाऊक आहे, कारण शिक्षिका झाल्यावर जनगणनेचं काम माझ्याच गळ्यात पडायचं. लहानपणी तुमची अकरा घरं होती. एक्क्याण्णवला मी फॉर्म घेऊन फिरले तेव्हा सात. तू तोवर लग्न होऊन नांदेडला गेली होतीस. गुरचरणच्या धर्माच्या रकान्याशी माझं पेन अडलं. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, केस कापले म्हणून बाप बदलत नाही, शीख लिही. दोन हजार एकला चार घरं. कुणी पंजाबला, कुणी इटलीला, गुरचरण कॅनडाला. दोन हजार अकराला एकच घर उरलं. त्या दिवशी काका खोलीत एकटेच, स्टोव्हवर चहा ठेवलेला. मी विचारलं, कुटुंबातल्या एकूण व्यक्ती? काका अगदी गंभीरपणे म्हणाले, सवा लाख. मी म्हटलं, काका, रकान्यात दोनच आकडे मावतात. एवढे हसले, एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. मी एक लिहिलं. ते पाणी हसण्याचंच होतं असं तेव्हा मला वाटलं.

एकोणीस साली तू त्यांना न्यायला आलीस. उधना स्टेशनवर गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून काय सांगितलं ते मी तुला कधी बोलले नाही. म्हणाले, सरला, इथला हिशेब शून्य लिहू नकोस, तू आहेस. मी आपली हो हो म्हटलं. मला वाटलं, म्हातारं माणूस, निघताना मन भरून आलंय.

आता लिहिते. पुढचं लांबवता येत नाही.

मे महिन्यात तू फोनवर सांगितलंस की गुरचरणचा मुलगा येतोय आणि यंदा काकांना हेमकुंडला नेणार आहे. मला किती आनंद झाला! लहानपणापासून ऐकत आले होते, बर्फातलं ते तळं, दहाव्या गुरूंनी मागच्या जन्मी तिथे तप केलेलं, आणि ती छाती फोडणारी चढण. काका दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. म्हटलं, पंच्याऐंशीव्या वर्षी का होईना, म्हातारा जिंकला. मग बारा जूनला सकाळी तुझा मेसेज आला. एकच ओळ, ‘बाबांनी आज पहाटे चढाई केली.’

मी काय लिहिलं ते तुझ्या फोनमध्ये आहेच, पण मी ते माझ्या हाताने इथे पुन्हा लिहिणार आहे. तेवढी शिक्षा मला हवी. ‘वा वा! शेवटी जमवलंच म्हणायचं काकांनी! पायी की घोड्यावरून? तिथे थंडी फार, स्वेटर काढू देऊ नकोस. खाली उतरले की आधी माझ्याशी बोलायला लाव!’ आणि खाली टाळ्या वाजवणारे चार हात. तीन दिवसांनी पुन्हा, ‘उतरले का गं काका?’ आठवड्याने तिसऱ्यांदा, ‘अजून वरच आहेत की काय? तिकडेच राहायचा विचार दिसतोय!’ एवढंच नाही. मी पेढे आणले, बलजीत. जुन्या चाळीतले जे इकडे नवागामात राहायला आलेत, त्या सगळ्यांच्या घरी जाऊन वाटले. लोटूमामाच्या हातावर दोन ठेवले, ते काकांबरोबर मिलमध्ये होते म्हणून.

रविवारी तुझा दुसरा नंबर कुणाकडे मिळतो का म्हणून गुरुद्वाऱ्यात गेले होते. तिथे पाठ करणाऱ्या ग्यानीजींना सांगितलं की जगतसिंगकाकांनी जूनमध्ये चढाई केली, तेव्हापासून त्यांच्या मुलीचा पत्ता लागत नाही. ते एकदम हात जोडून उभे राहिले, वाहेगुरू म्हणाले आणि हळूच विचारलं, अंतिम अरदास, शेवटची प्रार्थना, कुठे झाली? मी म्हटलं, नाही नाही, चढाई, हेमकुंडची. त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, बहनजी, मेसेज दाखवा. वाचला, फोन माझ्या हातात परत दिला, आणि सांगितलं की आमच्यात माणूस मरतो म्हणत नाहीत, चढाई करतो म्हणतात. मी चपला ठेवतात तिथल्या बाकावर किती वेळ बसले मला आठवत नाही. कुणीतरी पाणी आणून दिलं.

अगं, पस्तीस वर्षं मी पोरांना शब्दांचे अर्थ शिकवले. एका मात्रेसाठी वह्या लाल केल्या. बदाम कळले, रुप्पा कळला, लंगर मस्त कळलं, आणि हाच एक शब्द कसा कधी कानावर पडला नाही? तुझी आई गेली तेव्हा तू कडेवर होतीस, तुम्ही सुरतेला आलाच नव्हता. आत्या वारल्या त्याही तुझ्याकडे, नांदेडला. चाळीत काकांना तो शब्द आमच्यासमोर बोलायची वेळच आली नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. पुन्हा पुन्हा मोजून पाहते, दुसरं काय.

आणि सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. तू मला ‘बाबा वारले’ असं लिहू शकली असतीस. बाहेरच्या माणसाला तसंच कळवतात. तू तसं लिहिलं नाहीस. बाप गेलेल्या पहाटे तुझ्या हाताने तोच शब्द लिहिला जो तू घरच्या माणसाला लिहिला असतास, कारण हिला सांगावं लागणार नाही, ही आपल्यातलीच, असं तू धरून चाललीस. काकांनीही स्टेशनवर तेच केलं होतं. तुम्ही दोघांनी मला तुमच्यात मोजलंत आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या सकाळी तू फोन हातात धरून काय वाचलं असशील, हे मनात आलं की मी ताटावरून उठते. मी त्यांच्यासाठी एकदाही रडले नव्हते गं. पाच महिने ते माझ्या लेखी डोंगरावर होते, स्वेटर घालून, बर्फाकडे बघत. रविवारी ते एकदम गेले. तुझे बाबा जूनमध्ये गेले, माझे काका परवा.

माफी कागदावर मागून मोकळं व्हायला हे पत्र लिहिलेलं नाही. लोटूमामाच्या आणि बाकीच्या घरी पुन्हा जाऊन आले, ज्या दारात पेढे दिले त्याच दारात उभं राहून खरं सांगितलं. मामा रडले. आता तुझं दार राहिलंय. येत्या ३० तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीने नांदेडला पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, घर मला सापडतं. पिशवीत बदाम आणतेय, उधन्याच्या भट्टीतले, काकांना आवडायचे तसे थोडे करपलेले. मुलगा सोबत येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. माझ्याबरोबर कुणी नाही. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव, मी ओट्यावर बसेन. पण आतून कुणी विचारलं, किती माणसं आलीत बाहेर, तर एक म्हणू नकोस, बलजीत. सवा लाख आलेत म्हणून सांग.

तुमच्यातलीच,
सरला