गारेगार ट्रेलर

२२ एप्रिल २०१३, सोमवार

ट्रेलर आला. टेम्पोवाल्या सुभाषने मागे बांधून जासईहून ओढत आणला. तिकडे भंगारवाल्याकडे पडून होता, कुण्या हौशी साहेबाचा. आत झोपायला दोन फळ्या, एवढासा ओटा, तीन खिडक्या. कॅम्पिंगचा ट्रेलर म्हणतात. मोहल्ल्यात कुणाला अक्कल नाही, बंदराजवळ ट्रेलर म्हणजे कंटेनर वाहणाराच. ट्रेलर घेतला म्हटलं की विचारतात, इलियासचाचा, कंटेनर कुठल्या यार्डात लावणार?

लेक फरहा मे महिन्यात पुण्याहून येते, हिबाला घेऊन. आमची नात, नऊ वर्षांची. मागच्या सुट्टीत आमच्याकडे एक रात्र, बाकी सगळी सुट्टी खारघरला दादा-दादीकडे. का, तर तिथे एसी. सतराव्या मजल्यावर राहतात खारघरवाले, खिडकी उघडायची हिंमत नाही, म्हणून एसी. या वेळी हिबा इथेच राहणार. अंगणात चाकांचं घर, असं आहे कुणाकडे? खारघरवाल्यांना फोन करून सांगूनसुद्धा टाकलं.

बायको नूरुन्निसा म्हणाली, अंगणातल्या चिंचेखाली लावा, सावली आहे. चिंचेखाली लावल्यावर रस्त्यावरून दिसणार कसा? गेटजवळ लावला.

२३ एप्रिल, दुपार

आत बसून बघितलं. तापतो. पण मला कुणी ऊन शिकवू नये. कुवेतला पत्र्याच्या केबिनमध्ये जवानी गेली माझी. केबिनला एसी होता, पण तो मुद्दा नाही.

ऊन खिडकीतून येतं. खिडकी बंद, ऊन बंद. साधी गोष्ट आहे. लोक उगाच इंजिनीअर शोधतात.

२५ एप्रिल

किचनमधली फॉइल घेतली, तिन्ही खिडक्यांना बाहेरून चिकटवली. चकचकीत. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस बघतो.

संध्याकाळी समोरची प्रमिला आली. म्हणे तुमच्या गाडीचा उजेड सरळ माझ्या ओट्यावर पडतो, भाकरी थापताना डोळे दिपतात. मी म्हटलं, गॉगल घाल. नूरुन्निसाने तिला आत बोलवून चहा पाजला. बायकांना लगेच एकमेकींची बाजू कळते.

२६ एप्रिल

वाऱ्याने फॉइल उडाली. अर्धी चिंचेत अडकली आहे. कावळे घाबरतात, तेवढाच फायदा.

चूक कळली. ऊन खिडकीतून येतच नाही, छपरातून येतं. खिडकीवर वेळ घालवणारे मूर्ख.

२८ एप्रिल

सावली कशी असते? काळी. मग छप्पर काळं केलं की सावली कायमची डोक्यावर. शिवाय पावसाळ्यात गळणार नाही. डांबराचा डबा आणून स्वतः दोन हात मारले. सुभाष उभा राहून बघत होता. म्हणाला, "चाचा, वर भाकऱ्या भाजायच्या हायत काय?"

दात काढायला काय जातं. याला टेम्पोच्या पुढचं काही दिसत नाही.

२९ एप्रिल

डांबर वाळत नाहीये. दुपारी पातळ होतं. खिडकीवरून एक ओघळ आला. नवा माल नीट बसायला वेळ घेतो.

१ मे

सुट्टी. आत जाऊन पडलो, टेस्ट म्हणून. घाम आला. घाम येणं म्हणजे शरीर थंड होतंय, हे शास्त्र आहे. शास्त्र थोडा वेळ चाललं, मग चक्कर आली आणि बाहेर आलो. नूरुन्निसा चिंचेखाली तांदूळ निवडत बसली होती. नुसतं पाणी दिलं. हे तिच्या बोलण्यापेक्षा वाईट.

२ मे

आता अस्सल गावठी उपाय. पेंढा. आमच्या गावी म्हसळ्याला आजी पेंढ्यातच सगळं ठेवायची. उलव्याकडे भातशेती संपली, सगळीकडे सिमेंट कालवतात, तरी एका ओळखीच्याकडे भारे मिळाले. खाली पेंढा, फळ्यांखाली पेंढा, भिंतीला पेंढा आणि वरून गोणपाट. फटी टेपने बंद. उजेडाचा किरण आत येत नाही. हवा पण नाही.

नूरुन्निसा दारात उभी राहून म्हणाली, "फरहाचे अब्बा, आढी घालताय का?"

आंबे पिकवायची आढी आणि माणसाची खोली यातला फरक तिला कळत नाही. जाऊ दे. माहेराहून तिच्या भावाने कच्च्या आंब्यांच्या पेट्या पाठवल्यात, तिचं डोकं त्यात आहे.

६ मे

ट्रेलरमध्ये मस्त वास सुटलाय. गोड. पेंढ्याचाच असणार. खारघरवाले बाजारातून स्प्रे आणतात, इथे नैसर्गिक आहे. हिबा खूश होणार.

नूरुन्निसा दिवसातून दोनदा आत जाऊन येते. हळूहळू तिलाही किंमत कळायला लागली.

९ मे

आली. उतरल्या उतरल्या ट्रेलरभोवती हिबाच्या पळत तीन चकरा. दार उघडून आत. टाळ्या वाजवल्या. मी फरहाकडे बघितलं. जावई नावेदकडेही बघितलं. तो मोबाईलमध्ये होता.

फरहा म्हणाली, अब्बा, ती जिथे झोपेल तिथे राहील, जबरदस्ती नको. मी म्हटलं, जबरदस्ती कोण करतंय.

दुपारी जोहरच्या नमाजानंतर हिबाला आत झोपवलं. दार लावून बाहेर खुर्ची टाकून बसलो, कुणी आवाज करू नये म्हणून. डुलकी लागायच्या आत दार वाजायला लागलं. बाहेर आली ती लालबुंद, केसांत पेंढा, फ्रॉकला डांबर. उभी राहून नीट बोलली, रडली नाही.

"नाना, आत सगळे पिकतायत. मी आंबा नाहीये."

तिच्या हातात एक पिवळाधमक आंबा होता. फळीखाली तसे खूप होते. ओळीने मांडलेले, पेंढ्यात, देठ खाली. ते आत कसे आले हे मी विचारलं नाही. नूरुन्निसा चुन्नीने हिबाचं तोंड पुसत होती. तिने वर बघितलं नाही.

संध्याकाळी नावेद फरहाला आणि हिबाला घेऊन खारघरला गेला. जाताना एक पेटी आंबे नेले.

१० मे

काही नाही.

१२ मे

खारघरवाल्यांचा फोन. म्हणे इलियासभाई, असे आंबे या सीझनला खाल्ले नाहीत, एकसारखे पिकलेत, डाग नाही, काय टेक्निक आहे? मी म्हटलं, टेक्निक आहे. जास्त सांगितलं नाही.

मग हिबाने फोन घेतला. आंबे संपले म्हणाली. मी म्हटलं, मग ये ना, दुसरे होतायत. ती म्हणाली, "मी नाही येत नाना, तुम्ही पाठवा."

१४ मे

दुसरी आढी लागली. मोहल्ल्यातले लोक आपापले कच्चे आंबे घेऊन गेटवर येतात, ट्रेलर रस्त्यावरून दिसतो ना. प्रमिलापण टोपली ठेवून गेली.

मी चिंचेखाली खुर्ची आणली. इथे वारा आहे. बसल्या बसल्या नजरेने मापलं, ट्रेलर इथे बरोबर मावतो. सुभाषला हाक मारली, म्हटलं ओढ इकडे, हिबाला परत बोलवू.

नूरुन्निसाने त्याला गेटवरूनच परत पाठवला. म्हणाली, उन्हातच राहू दे, सावलीत आंबे पिकत नाहीत.