माप घेताना गप्प बसावं

सोमवार
आले बाई एकदाची लेकीकडे. आता कायमची इथंच. खोली छान आहे, ऊन येतं. पलंग जरा कुरकुरतो, पण मीही कुरकुरतेच, जमेल आमचं. नात दारातच कमरेला लटकली. अजून शाळेत घातलेली नाही, अक्षरओळख नाही. म्हणते, आजी, रोज गोष्ट पाहिजे. देणार. माझी शाळा जेमतेम झाली, पण तोंडाला कुलूप कधी नव्हतं. ही वही तिनंच दिली, मागच्या पानांवर तिच्या मांजरी आहेत.

जावयानं बैठकीचं थेटर केलंय. पुढे स्पीकर, सोफ्यामागे स्पीकर. एवढे कान फोडून घेतात, पण सांगितलेलं एक काम धड ऐकू येत नाही.

मंगळवार
जावईबापूंनी आज वेगळे अॅम्प्लिफायर आणले. लोखंडी पेट्या, धोंड्यासारख्या जड. मी विचारलं, टीव्हीखाली आवाजाचा डबा आहे, त्याला काय धाड भरली? म्हणाले, आई, त्याचा जोर कमी पडतो. आता तो नुसता आवाज पुढे पाठवणार, जोर ह्या पेट्या लावणार. म्हणजे एकानं पुटपुटायचं नि दुसऱ्यानं ओरडायचं. अशी जोडपी मी पुष्कळ पाहिलीत. लेक हसली, ते नाही हसले. पोट सावरत टीव्हीमागे शिरले ते जेवायलाच बाहेर आले, डोक्यावर जळमटं घेऊन.

बुधवार
आज खोलीचं माप घेतलं. टेपनं नाही, कानानं. सोफ्यावर माझ्याच जागी काठीला छोटा माइक लावला. स्पीकर शिट्ट्या मारणार, माइक ऐकणार, मग यंत्र ठरवणार की कोण कुठे बसतं नि आवाज कुठून किती सोडायचा. सगळ्यांनी बाहेर जा, चिडीचूप राहा, असा हुकूम. मी कशाला जाऊ? माइकाशेजारी बसले नि त्यालाच सगळं सांगितलं. लेकीचं बाळंतपण, जावयाचं घोरणं, नातीची गोष्ट अख्खी. जावईबापू दारातून हात जोडत होते. शेवटी वैतागून म्हणाले, राहू दे, आहे तेच माप ठेवतो. आळशी माणूस. दुसऱ्यांदा करायला काय झालं होतं?

गुरुवार
सिनेमा लावला, तर मागच्या स्पीकरमधून कोणी खाकरलं. अगदी माझ्यासारखं. म्हटलं, तुमच्या पेट्यांना सर्दी झालीय.
माझा घसा बसलाय. लेक म्हणाली, आई, जरा मोठ्यानं बोल. हे मला ऐकावं लागलं.

शुक्रवार
टीव्ही बंद, पेट्यांचे दिवे चालू. मी स्वयंपाकघरात, आणि बैठकीतून माझा आवाज. जावयाला म्हणतोय, किती छान बसवलंत हो सगळं. मी मेले तरी असलं बोलणार नाही. जावईबापू थँक्यू आई म्हणाले. रिकाम्या सोफ्याला. ह्या माणसाला सासू नि लाकडी खोका ह्यातलं अंतर कळत नाही.
मी ओरडले. ओठ हलले. लेकीनं मान वर केली नाही.

शनिवार
पेट्यांचे प्लग उपटले. दिवे गेले नाहीत.
लेकीला खुणा केल्या. म्हणाली, आई, नाटकं पुरे, आत्ता तर बडबडत होतीस. लिहून दाखवलं. माझं अक्षर ते काय — तिला वाटलं नातीनं रेघोट्या ओढल्यात. कौतुकानं फ्रिजवर लावलं.
शिकलेली म्हणे.

रविवार
दोघं बाजारात. मागचा स्पीकर नातीला हाक मारतोय. ये गं सोन्या, गोष्ट सांगते. माझी गोष्ट, माझेच शब्द — माइकाला सांगितलेले —
ती पळाली. मी हात धरला. म्हणते, सोड ना, आजी बोलावतेय.
सोफ्यामागे वळली. लिहून दाखवू तर तिला वाचता कुठं —

आली. परत आली. समोर उभी आहे. हसतेय, ओठ हलतायत, काहीतरी सांगतेय मला —
हसू मागून येतंय, त्या स्पीकरम