कमरेचं माप आणि रक्तातला आकडा

माझ्या पाठच्या, पण पोटाने केव्हाच पुढे गेलेल्या भावास, थोरल्याचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, शिलाई मशीनही कुरकुरतं. आधी कोण बंद पडतं ते बघायचं. तुझी साखर कशी आहे हे तुला विचारत नाही, कारण तू थाप मारणार आणि मला पुन्हा तुझ्या बायकोला विचारावं लागणार.

तर, प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचं. आपण दोघांनी एकदमच रक्त दिलं आणि शाळेच्या निकालासारखे रिपोर्ट शेजारी-शेजारी धरले. तुझा आकडा एक, माझा सहा. जन्मात पहिल्यांदा तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडले म्हणून मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. (कप खाली ठेवल्यावर गिऱ्हाइकांतला एक कंपाउंडर म्हणाला, की यात कमी आकडा चांगला. आधी बोलला असता तर त्याचं काय जात होतं?) तेव्हापासून तू फोन उचलला की "दादा, एक!" म्हणून खिदळतोस. घे हसून.

मी मुकाट डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी हातमोजा चढवला आणि कुशीवर वळायला सांगितलं. जन्मभर लोकांची मापं घेतली रे, पण माप देताना माणूस एवढं अंग का चोरतो, ते त्या टेबलावर कळलं. पुढच्या तपासण्याही झाल्या. ग्रंथी वयाने फुगली आहे, बाकी काही नाही, असं निघालं. मी विजार सावरली आणि जाता जाता तुझी चहाडी केली, की धाकट्याला तर एकच आलाय.

बाईंनी विचारलं, "अंगाने कसा आहे?" मी दोन्ही हात पसरले. खोली पुरली नाही. "साखर?" म्हटलं, आहे, आणि खातोही. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, वजनदार माणसात रक्तही जास्त, त्यात ग्रंथीतून येणारा, तपासणीत मोजतात तो पदार्थ पातळ होतो आणि आकडा कमी दिसू शकतो; मधुमेहातही तो खाली राहतो. (एकाच पुडीचा रंग वाटीत गडद, बादलीत फिका. तू बादली.) म्हणजे तुला काही झालंय असं नव्हे. पण तो 'एक' उशाशी घेऊन घोरण्याइतका भरवशाचा नाही. वजन, साखर, औषधं सगळं सांगून तो डॉक्टरकडून नीट वाचून घ्यायला हवा. शिवाय तू सारखा उठून मोरीकडे पळतोस आणि खापर चहावर फोडतोस, हे मला कळलंय. आपल्या वडिलांनाही काहीच होत नव्हतं, शेवटपर्यंत. याच ग्रंथीने त्यांना नेलं, विसरलास?

बाकी भेटीअंती.

तुझा,
सहा मार्कांचा दादा

ता.क. लेकीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला तुझा सूट तयार आहे. कोट तेवढा सोबत पाठवतोय. विजार गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मिळेल, तपासून बाहेर आल्यावर.

ता.क. दुसरा. "जुनी घालीन" म्हणशील, तर कपाट उघडून बघ. कंबर सैल करायच्या निमित्ताने तुझ्या बायकोने सगळ्या विजारी माझ्याकडे आणून टाकल्यात. अंगावरची तेवढी उरली आहे, आणि तिची मागची शिवण किती तग धरेल ते मला विचार, मीच शिवली आहे. तेव्हा दवाखान्यात बाकावर बसू नकोस. उभा राहा. मीही शेजारी उभा राहीन.