सागवानी व्हायोलिन

मुलचेरा, १४ जानेवारी १९८६

चिरंजीव लहानू यास देवरावभाऊचा सप्रेम जय भीम.

काल रंधा मारता मारता रेडिओवर व्हायोलिन ऐकलं. एकटंच वाजत होतं, साथीला पेटी नाही, तबला नाही. इटलीत घडवलेलं, पावणेतीनशे वर्षांचं वाद्य आहे म्हणे. निवेदक सांगत होता, त्याची वरची फळी देवदारासारख्या हलक्या लाकडाची असते, जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जाड. माझा हात थांबला.

तुला मी सागाचं करून दिलं होतं, अर्धा इंच जाड. वाळवी लागू नये, जन्मभर टिकावं, एवढंच माझं सुतारकीचं ज्ञान. बुद्धपौर्णिमेला विहारात तू ते वाजवलंस, तेव्हा शेजारची शकुबाई म्हणाली, "देवराव, याले बिजागरी लाव, खिडकी होते!" सारे हसले. तू हळूच म्हणालास, "भाऊ, लाकूडच बोलत नाई." आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, "माह्या लाकडाले काऊन नाव ठेवतं? तुह्याच हातात सूर नाई!"

त्यानंतर तू वाजवणं सोडलंस आणि राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत गेलास. पंधरा वर्षं झाली. तुझ्या हातात दोष नव्हता, लहानू. लाकूड चुकीचं होतं, आणि ते मी निवडलं होतं.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर ते तू एकटाच वाचशील, आणि मी बोललो होतो चारचौघांत. ऐकणारे निम्मे आता उरले नाहीत, मीही थकलो आहे. तरी येत्या रविवारी वंदना झाली की उरलेल्यांसमोर उभा राहून हेच सांगेन. मग राजुऱ्याची एसटी धरेन.

तुझा भाऊ,
देवराव