एकतीस नंबरचं बंद दुकान

मोंतेफाल्दो, ३ सप्टेंबर

चि. जिनेव्रास,
आत्याचे आशीर्वाद. अनेक नाहीत, या खेपेला मोजकेच.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्रात तुला मुकाट्याने ऐकून घ्यावं लागेल. आणि तुझा फोन आला तरी मी उचलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दर ऑगस्टात करते तसं दुकानाला कुलूप लावून तीन आठवडे समुद्रावर गेले होते. काल सकाळी किल्ली घेऊन कोर्सोच्या हमरस्त्यावर आले, तर शटरच सापडेना! शटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स चिकटवलेला. फ्लेक्सवर फुलांचं दुकान, आणि दारात परडी घेतलेली एक पोरगी बत्तीशी दाखवत उभी. तुझ्या आजोबांपासून ज्या दुकानात खिळे, कुलपं आणि नळाचे वॉशर विकले जातात, त्या दुकानात सूर्यफुलं! मी किल्ली हातात घेऊन तिच्यासमोर उभी, आणि ती माझ्याकडे बघून हसतेय.

समोरचा ओरेस्ते न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून बाहेर आला. मी समुद्रावर बसून गुपचूप दुकान विकून टाकलं असं त्याला वाटलं होतं, आणि त्याला न विचारता विकलं म्हणून तो माझ्यावर रुसून बसला होता. बाकीच्यांना मी गेलेच असं वाटलं. कुणी फूलसुद्धा आणलं नाही हो!

तशीच नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने यादी दाखवली. कोर्सोवरची कायमची बंद पडलेली बारा दुकानं, त्यांच्यावर खोट्या दुकानांची चित्रं लावून रस्ता जिवंत दिसावा अशी योजना. त्यात एकतीस नंबर, म्हणजे मी. कागदावर बंद म्हणून माझा परवानाही रद्द झालाय. नव्याने हवा असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी उतार करा, मागे दुसरं दार काढा, असं सांगतो. दोनशे वर्षांच्या भिंतीत! आणि यादीखाली सही कुणाची? आमच्या घरातल्या शहाण्या मुलीची, मिलानच्या वास्तुविशारद बाईंची.

आधी कुंड्या आणल्यात, मग बाकं, मग खांबांवर भोंगे लावून दिवसभर गाणी. तरी लोक हायवेवरच्या मॉलमध्येच जातात. आता जी दोन-चार दुकानं उघडी आहेत, त्यातलंही एक झाकून टाकलंत. उंटावरचे शहाणे कुठले!

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायचं नंतर बघू.
तुझी आत्या,
एर्सिलिया


मिलान, १० सप्टेंबर

ती. एर्सिलियाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. सहा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. उचलणार नाहीस हे लिहिलं होतंस, तरी केला.

कसं झालं ते सांगते. सबब म्हणून नव्हे. पाहणी करायला मी स्वतः यायला हवं होतं. त्याऐवजी ऑफिसातली दोन नवी मुलं पाठवली, आणि ती आली कधी, तर अठरा ऑगस्टला, भर दुपारी दोन वाजता. ती मिलानची. इथे आता ऑगस्टात कुणी सरसकट कुलूप लावत नाही. सुट्टीची पाटी शटरवर दिसली नाही म्हणतात, वाऱ्याने उडाली असेल. माझ्यापुढे आले ते नुसते नंबर. मला लहानपणापासून आत्याचं दुकान माहीत आहे गं, एकतीस नंबर माहीत नव्हता. आणि न वाचता सही केली, ही चूक माझी एकटीची.

तुझं नाव उद्याच काढते असं लिहिणार होते. पण घोळ आहे. प्रांताचा नियम असा, की बारा दुकानं बंद असतील तरच रस्त्याला अनुदान. अकरा असतील तर काहीच नाही. यादीतून नाव काढता येतं, नवं घालता येत नाही. बारावी तू आहेस. अनुदान मिळालं तर बंद गाळ्यांमध्ये नव्या लोकांना दोन वर्षं बिनभाड्याने दुकानं देणार आहेत. फ्लेक्स ही नुसती सुरुवात होती. शेवटची यादी पंधरा ऑक्टोबरला जायची आहे. तोवर मी काहीतरी वाट काढते.

तुझी पाठ कशी आहे? मलम पाठवलंय, ते लाव. रागाने तसंच ठेवू नकोस.

ओरडलीस तरी चालेल, पण लोभ सोडू नकोस.
तुझी भाची,
जिनेव्रा


मोंतेफाल्दो, २१ सप्टेंबर

चि. जिनेव्रास,
आशीर्वाद.

दुपारी दोनला मोजणी! अगं, ऑगस्टात दुपारी दोनला कोर्सोवर पोपसुद्धा आले असते, तर त्यांनाही सगळं गाव मेलेलं दिसलं असतं. त्या पोरांना जेवायची वेळ नसते का?

मी दुकान उघडलंय. कात्रीने फ्लेक्स कापला आणि परडीच्या जागी दार केलं. आता गिऱ्हाईक वाकून सूर्यफुलांमधून आत येतं. परवा शहर पोलीस आला. बिचारा अर्धा तास पाने-पकडी बघत उभा, शेवटी नळाचा वॉशर घेतला आणि मग सांगितलं की माझ्याकडे परवाना नाही. मी म्हटलं, फाड पावती, फक्त कुणाला विकलं तेही त्यावर लिही. गेला.

हे हसण्यावारी नेते आहे, पण मनातून जळते आहे जिनेव्रा. बेचाळीस वर्षं रोज सकाळी मी ते शटर वर केलंय. तुझे आतोबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा केलं. आणि एका कागदावर मी संपले.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे ओरेस्ते. तुझ्या नियमाची गोष्ट त्याला कळली आहे. तोंडावर काही म्हणत नाही. फक्त सकाळी कॉफीला हाक मारायचा, ती बंद झाली. चीजवाला तर काल म्हणाला की एका दुकानापायी सगळ्या रस्त्याचं नुकसान व्हावं हे काही बरं नव्हे. मी त्याला विचारलं, की मग तुझं बंद कर ना, दोन्ही एकच. त्यावर त्याला अचानक काम आठवलं.

आणि मग ओरेस्तेची सून आली, नोएमी. तुला आठवत असेल, ती मॉलमध्ये पावाच्या काउंटरवर असते. गोठवलेला गोळा भट्टीत घालायचा आणि ताजा म्हणून विकायचा, याची तिला लाज वाटते. जड दाराच्या बिजागऱ्या बघायला आली होती. सत्तावीस नंबरच्या बंद गाळ्यात अनुदानावर बेकरी घालायची आहे तिला. नऊ वर्षांत कोर्सोवर पाव भाजलेला नाही. नाही जमलं तर दोघं नवराबायको मुलीला घेऊन जर्मनीला जाणार, तिकडे भावाने काम बघून ठेवलंय. बारावी मी आहे हे सासऱ्याने तिला सांगितलेलं नाही. ती आपली मला भट्टी कुठे, फळ्या कुठे, ते काउंटरवर बोटाने काढून दाखवत होती. मी बिजागऱ्या दिल्या आणि गप्प बसले. मी, आणि गप्प!

तू वाट काढणार होतीस, त्याचं काय झालं?

मलम लावते आहे. वास घाण आहे.
लोभ आहे, राग जास्त आहे.
एर्सिलिया आत्या


मिलान, २ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वाट निघाली नाही. प्रांताच्या कचेरीत तीन वेळा गेले. अकरा आणि एक चूक असं धरा म्हटलं, तर तिथला अधिकारी म्हणतो की चूक नावाचा रकाना अर्जात नाही. नगराध्यक्षांना भेटले. ते फार गोड बोलतात. म्हणाले की तुमच्या आत्याबाईंचं वय झालंय, त्यांनाही आता आराम हवा असेल, सन्मानपत्र देऊन छोटासा समारंभ करू. मी चहा अर्धा टाकून उठले.

माझे साहेब म्हणतात की यादी आहे तशीच पाठवायची. एक नाव काढलं तर काम जाईल, ऑफिसचं नाव जाईल आणि माझी नोकरीही.

आत्या, मी तुला काही मागत नाही. तसं मागायला तोंड नाही मला. फक्त खरं काय ते तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. तू नियमित जेवतेस ना?

लोभाची मागणी करायला लाज वाटते, तरी करते.
जिनेव्रा


मोंतेफाल्दो, ११ ऑक्टोबर

चि. जिनेव्रास,
अनेक आशीर्वाद. या खेपेला पुरे अनेक.

यादी आहे तशी जाऊ दे. एकतीस नंबर बंद.

त्याग वगैरे शब्द वापरलास तर पत्र परत पाठवीन. मी रागाने बंद करते आहे. नगराध्यक्षाचं सन्मानपत्र मला नको, आणलं तर त्याच्या देखत खिळ्यांच्या पुड्या बांधीन त्यात. पण काल ती नोएमी मुलीला घेऊन आली. मुलीने विचारलं की जर्मनीत आपल्यासारखा बडीशेप घातलेला पाव मिळतो का. नोएमीने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार होते? मी सत्तरीला आले. माझ्यानंतर या दुकानात कोण उभं राहणार, तू? तुला साधा स्क्रू आणि लाकडात पिळायचा स्क्रू यातला फरक कळत नाही.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय, ते लपवत नाही. ड्रॉवर रिकामे करायला घेतले आणि दुसऱ्याच ड्रॉवरपाशी रडू आलं म्हणून तसेच ठेवले.

नोकरी सांभाळ.
लोभ पहिल्यासारखाच.
तुझी आत्या


मिलान, ११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

आज सकाळी प्रांताच्या कचेरीत स्वतः जाऊन एकतीस नंबर खोडला. खाली सही केली, या वेळी तीनदा वाचून. तुझा परवाना परत चालू झालाय. त्याची शिक्क्यासह प्रत सोबत पाठवते आहे, ती काचेत लाव आणि त्या पोलिसाला दाखव.

अनुदान गेलं. संध्याकाळी साहेबांनी बोलावून माझं टेबल आवरायला सांगितलं. त्याचं मला काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतंय. तरी पहिल्यांदाच यातलं काहीतरी नीट केलं असं आहे. जिवंत माणसाला मेलेलं दाखवून मी रस्ता जिवंत करणार नाही. नोएमीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर सांग.

दुकान उघड. शटर पूर्ण वर कर.
तुझ्या लोभाची,
जिनेव्रा


मोंतेफाल्दो, २० ऑक्टोबर

चि. जिनेव्रास,
आशीर्वाद आणि एक कानाखाली, दोन्ही पोचले असं समज.

अगं गाढवे! आयुष्यात पहिल्यांदा मी समजूतदारपणा केला आणि माझं पत्र पोचायच्या आत तू तो मातीत घातलास. एकाच दिवशी दोघींनी पत्रं टाकली, आणि दोघींच्या हातात काय आलं? मला दुकान मिळालं, ज्याच्या समोरून कुणी जात नाही. तुला रिकामं टेबल. फोन उचलला असता तर हे झालं नसतं, असं ओरेस्ते म्हणतो. तो पुन्हा बोलायला लागलाय, पण फक्त मला शिव्या घालायला. खरं तेच बोलतोय, म्हणून जास्त राग येतो.

तुझा शिक्क्याचा कागद मी काचेत लावला. मग नोएमीच्या घरी गेले आणि बारावी मी होते, ते सगळं सांगितलं. ती चिडली, रडली, मग पुन्हा चिडली. तिचं चिडणं मला आवडलं. तिला म्हटलं, सत्तावीस नंबर गेला तर जाऊ दे, माझ्या दुकानात भट्टी लाव. भाड्याचं मी बोलत नाही, तूही बोलू नकोस.

आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. लोखंड आणि पीठ एका छताखाली चालत नाही म्हणतो. मध्ये छतापर्यंत भिंत हवी, आणि तिचा नकाशा वास्तुविशारदाच्या सहीचा हवा. मला वास्तुविशारद परवडत नाही. पण एक बेकार असलेली ओळखीत आहे.

भिंत कुठे घालायची ते मी ठरवलंय, त्यात वाद नको. कोर्सोकडचा भाग, काच आणि दार तिचं. मी मागे, माझं नवं दार गल्लीतून, त्याच दोनशे वर्षांच्या भिंतीत काढायचं. पावाला लोक नजर पडली की येतात. नळ गळणारा माणूस गल्ली शोधत येतो. ओरेस्ते म्हणाला की बेचाळीस वर्षांची दर्शनी जागा सोडतेस, वेडी झालीस का. मी त्याला म्हटलं, हो. आणि खडूने जमिनीवर रेघ मारली. वाकडी आलीय, गुडघा टेकवत नाही.

मोजपट्टी घेऊन ये. खोली आवरून ठेवली आहे, पहिल्या भट्टीचा पाव निघेपर्यंत राहावं लागेल.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. ये.
तुझी आत्या,
एर्सिलिया