पाण्याचा आवाज

शिरूर, १४ डिसेंबर १९९९, मंगळवार

डोळे गेल्यापासून आम्ही आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गॅसजवळ जाऊ देत नव्हतो. आज कंपनीच्या बसने घरी आले तर त्या एकट्याच ओट्यापाशी उभ्या, शेगडीवर किटली. मी गॅस बंद करायला धावले.

"थांब गं. पाणी अजून वरडतंय."

खरंच, किटली मोठ्याने सूं सूं करत होती. मग तो आवाज हळूहळू मऊ झाला.

"आता उकळलं बघ."

झाकण उचललं, तर पाणी खदखदत होतं. रोज चहा करते मी, पण हे कधी ऐकलंच नाही. तळाचे बुडबुडे वरच्या कमी तापलेल्या पाण्यात विरत असतील, म्हणून गोंगाट. सगळं पाणी तापलं की ते थेट वर येत असतील. असंच असेल ना?

"कवा शिकलात हे?" मी विचारलं.

"डोळं होतं तवा कोण ऐकतंय," त्या हसून म्हणाल्या.

चहा त्यांनीच गाळला. थोडा सांडला. हे चिडतील अशी धास्ती होती. पण ह्यांनी कप रिकामा केला आणि आईपुढे धरला, "अजून अर्धा दे."