तिसऱ्या भागातली घार

७ फेब्रुवारी १९९९, हैफा
नोकरीचा पहिला दिवस. ठाण्याहून इस्रायलला येऊन महिना झाला आणि आता मला स्वतःचं टेबल आहे. खिडकीतून बंदर दिसतं. काम मजेचं आहे: कॉम्प्युटरवर खेळायचं आणि खेळातल्या चुका शोधायच्या. राक्षसांचा, किल्ल्यांचा खेळ. दोन भाग बाजारात आहेत, तिसरा तयार होतोय. चूक सापडली की ती कशी घडली ते क्रमाने लिहायचं. आमचा प्रमुख अव्नेर त्याच क्रमाने करून बघतो. पुन्हा घडली नाही, तर ती चूक नाही. तीन महिन्यांनी कायम करतील. आईने लगेच नवस बोलून टाकला: कायम झालीस की एलियाहू हन्नाबीचा, आम्हा यहुद्यांच्या प्रेषिताचा, मलिदा. आमच्या चौथ्या मजल्याला लिफ्ट नाही, पण त्याला काय, तो वरूनच येणार, म्हणाली.

१५ फेब्रुवारी
पहिल्या दोन भागांत एक उडणारा राक्षस आहे. कातडी पंख, डोळे नाहीत. नाव लांबलचक. चित्र घरी नेलं तर आई म्हणाली, ही तर घार. मीही तेच म्हणते. ती छपरावर घिरट्या घालते, खिडकी उघडी दिसली की माणूस नेते. रक्त नाही, आवाज नाही. ताट तसंच राहतं. तिसऱ्या भागात ती नाही. अव्नेरने स्वतः काढून टाकली.

१४ मार्च
तिसऱ्या भागात घार दिसली. गावाच्या टोकाला, एका छपरावर. क्रम लिहून दिला. अव्नेरने चारदा करून पाहिलं. काही नाही.

१८ एप्रिल
पुन्हा दिसली. छपराखाली आता चार मजले आहेत. छपरावर पाणी तापवायची पांढरी टाकी, आमच्यासारखी. अव्नेर हसला. मुंबईकडची माणसं फार सिनेमे बघतात, म्हणाला. मग न हसता म्हणाला, अशी आणखी एक नोंद आली तर कायम करणं अवघड आहे.

२ मे
खेळात पुन्हा घार. चौथा मजला. खिडकी बंद. आत टेबल, टेबलाशी पाठमोरी बाई. आईचा अंबाडा.
नोंदीत लिहिलं: घार दिसली नाही.

६ मे
कायम झाले. आई खूश.

९ मे
साडेचारला घरी आले. टेबलावर मलिदा. पोहे, नारळ, साखर, पाच फळं. खिडकी उघडी. आमच्याकडे मलिद्याला खिडकी उघडी ठेवतात. मला माहीत होतं.
चपला दाराशी. चष्मा ताटाजवळ.
पाचला मेनाशेअंकल प्रार्थना म्हणायला आले. आई दिसेना, तेव्हा फ्लोराबाई कुठे, विचारलं. मी त्यांना बसवलं. चहा केला.

१० मे
पोलिसांनी सगळं विचारलं. नोंदीचं सांगितलं नाही —

१६ मे
खेळात आता बाई नाही. टेबल आहे. ताट आहे. अव्नेरच्या मशीनवर ते घरच नाही.
घारीने नेलेली माणसं कुठे जातात, त्याला विचारलं. तो भाग कधी लिहिलाच नाही, म्हणाला —

२० मे
क्रम.
पोहे भिजवले. नारळ खवला. पाच फळं.
चपला दाराशी.
खिडकी उघडली.
तिकडे पाठ करून बसले. पुन्हा घडली, तर चूक —
वहीवरचं ऊन गेलं.
वेळ, चार वाजून